मुंडकं किती, मासा किती

(वर्सोव्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुंबईत मासा म्हणजे पापलेट, सुरमई, बोंबील. रोहू-कटला पुढे केला की आपली माणसं नाक मुरडतात. चिखलाचा वास येतो म्हणे! तरी बाजारात पहाटे जाऊन बघा, बर्फाच्या पेट्यांतून हीच गोड्या पाण्यातली मासळी उतरत असते. मूळची गंगेच्या खोऱ्यातली, पण आपल्यापर्यंत येणारी बरीचशी आंध्रातल्या तळ्यांत वाढलेली.

आता दोन किलोचा कटला आणि दोन किलोचा मृगळ, म्हणजे त्यांचाच भाऊबंद, शेजारी ठेवा. वजन सारखंच, पण मृगळ लांबोडका आणि कटला आखूड, उंच, मोठ्या मुंडक्याचा. बंगाली गिऱ्हाईक त्या मुंडक्यासाठीच कटला घेतं. आपण तेच मुंडकं टाकायला सांगतो. मग महाग कोणाला पडला?

तर मुंडकं किती, मासा किती, हे मोजायचं कसं? तुंडापासून, म्हणजे तोंडाकडच्या टोकापासून, शेपटीच्या टोकापर्यंत ती एकूण लांबी. शेपटीच्या बेचक्यापर्यंत दुसरी. आणि शेपटीचा पर जिथे सुरू होतो तिथपर्यंत तिसरी, प्रमाण लांबी. अभ्यासात तिसरीवर भर, कारण जाळ्यात आणि बर्फात शेपूट फाटतं. समजा माशाची एकूण लांबी 40 सेंटीमीटर आणि वजन 800 ग्रॅम आहे. आकार तोच राहिला तर वजन लांबीच्या घनानं वाढतं. लांबी दुप्पट, वजन आठपट. झिजलेल्या शेपटीमुळे 40 ऐवजी 38 मोजलंत, तर लांबीवरून काढलेलं वजन 686 ग्रॅम येतं. 114 ग्रॅम मासा कागदावरच गायब!

नुसत्या सेंटीमीटरनं तुलना होत नाही. मुंडकं, शरीराची उंची हे सगळं प्रमाण लांबीच्या टक्क्यांत मांडायचं. आणि तेसुद्धा बरोबरीच्या आकाराच्या माशांत. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं ना, तसा पिल्लाचा डोळा मुंडक्याच्या मानानं मोठा दिसतो. हे विसरून लहान रोहू आणि मोठा रोहू वेगळ्या जातीचे ठरवणारे विद्यार्थी मी पाहिलेत. एकेकाळी मीही त्यातलाच.

खवले मोजून भागेल असं वाटतं, पण पार्श्वरेषेवर, म्हणजे अंगाच्या बाजूनं जाणाऱ्या रेषेवर, तिघांचेही चाळिसाच्या आसपासच भरतात. तोंड मात्र बोलकं. कटल्याचं वर वळलेलं, मिशा नाहीत. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी खातो. रोहूच्या ओठाला झालर, तो मधल्या थरातला. मृगळाचं तोंड किंचित खाली, तो तळ उकरतो. म्हणून तिघं एका तळ्यात सोडता येतात.

1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी मेंदूखालच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या कुळातल्या माशांचं प्रजनन घडवलं. त्यामुळे मत्स्यबीज मुबलक झालं, पण एकाच हौदात जाती मिसळल्या की संकरही होतो. कटला-रोहू संकराचं मुंडकं कटल्याहून लहान, म्हणजे मांस जास्त. खाणाऱ्याची मजा, पण तोच मासा पुन्हा प्रजननाला वापरला तर शुद्ध वाण बिघडतो. अशा वेळी डोळ्यांनी फसगत होते, फूटपट्टीला संशय तरी येतो.

बोलणं पुरे. पाटीत तीन मासे आणलेत, बाह्या सरसावून पुढे या. मृगळापासून सुरू करू, त्याचं शेपूट अजून शाबूत आहे.