शुक्रवार, संध्याकाळचे पाच

नमस्कार श्रोतेहो. दाराला पाच कुलपं लावली की काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. चार दिवसांत घरातलंच कोणीतरी मागचं दार नुसतं लोटून ठेवतं. आणि कडीच काढून टाकली तर? तेही ठाऊक आहे. संगणकाचं असंच असतं. पण प्रवचन नको, एक गोष्ट सांगतो. माझी फार आवडती.

१९६०च्या दशकातलं अमेरिकेतलं एमआयटी हे विद्यापीठ. तिथे फर्नांडो कोर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली उभी केली होती. संगणक एक, वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. समोर टाइपरायटरसारखं यंत्र, अक्षरं कागदावर खडखडत उमटायची. (मला तो खडखडाट आवडला असता. हल्ली काचेवर बोट फिरवायचं, म्हणे टायपिंग! असो.)

तर मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम, म्हणजे एडिटर, काम करताना एक तात्पुरती फाइल बनवायचा. तिचं नाव ठरलेलं, नेहमी तेच. त्यात धोका नव्हता, कारण एका डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या एका कप्प्यात, एका वेळी एकानेच काम करायचं असा नियम होता. पण व्यवस्था पाहणाऱ्यांना तो जाचायचा. मग तो सैल केला. कशासाठी? सोयीसाठी. पुन्हा सांगतो, सोयीसाठी. नियम मुळात का होता, हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

एके दिवशी एक जण पासवर्डची यादी दुरुस्त करत होता आणि दुसरा सर्वांसाठीची रोजची सूचना लिहीत होता. दोघांची तात्पुरती फाइल एकच! झाली अदलाबदल. जो लॉग-इन करील, त्याच्या कागदावर सूचनेऐवजी पासवर्ड छापून येऊ लागले. कोणाचे? सगळ्यांचे! तेही साध्या अक्षरांत, वाचता येतील असे. वेळ शुक्रवारी संध्याकाळी पाचची. घरी निघायच्या वेळी तिथला एक प्रोग्रामर कित्येक तास लोकांचे पासवर्ड बदलत बसला. या गोष्टीत चोर कुठेच नाही, पाहा.

आता उलट टोक, झटपट, कारण घड्याळ माझ्याकडे डोळे वटारतंय. २००३मध्ये निस्ट या अमेरिकी मानकसंस्थेत बिल बर यांनी सल्ला लिहिला: पासवर्डमध्ये चिन्हं, आकडे मिसळा, ठरावीक काळाने बदला. कार्यालयांनी तो उचलून धरला. लोकांनी काय केलं? शेवटच्या १चा २ केला. २०१७मध्ये निस्टनेच दिशा बदलली: पासवर्ड लांब असू द्या, फुटल्याची खूण दिसली तरच बदलायला लावा. बर यांनीही आपल्याला पश्चात्ताप होतो, असं सांगून टाकलं.

माझे पासवर्ड? एका वहीत, कपाटात. मुद्दाम गिचमिड अक्षरात लिहिलेत, चोराला लागू नयेत म्हणून. परवा ते मलाच लागले नाहीत. नमस्कार.