ला आल्बेर्का : गावाच्या अंगणातलं डुक्कर आणि तिन्हीसांजेची घंटा

[दृश्य : वळणांचा घाटरस्ता, दोन्ही बाजूंना ओक आणि चेस्टनटची दाट झाडी]

पश्चिम स्पेनमधलं सालामांका शहर मागे पडतं आणि बराच वेळ नुसता माळ सोबत करतो. मग रस्ता चढू लागतो. हा सिएरा दे फ्रान्सिया. याच डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून जास्त उंचीवर, ला आल्बेर्का वसलं आहे. वस्ती हजाराच्या आसपास.

गावात शिरलात की मान आपोआप वर जाते. खालचा मजला दगडी. त्याच्यावर लाकडी चौकटी, आणि चौकटींच्या मधल्या जागेत दगड-मातीचा भराव. वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, त्यामुळे काही गल्ल्यांत समोरासमोरची छपरं एकमेकांना टेकायला आल्यासारखी दिसतात. तळमजल्यावर पूर्वी गुरं असत आणि चूल थेट छपराखाली. धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा, पण जाता जाता वर टांगलेली सॉसेजेस आणि चेस्टनटची फळं वाळवून जायचा. घर म्हणजे राहण्याची जागा होती, तसंच वर्षाचं अन्न टिकवण्याचं साधनही.

1940 साली सरकारनं या गावाला ऐतिहासिक-कलात्मक स्मारकाचा दर्जा दिला. एखादा किल्ला नाही, चर्च नाही, आख्खं गाव! स्पेनमध्ये असा मान मिळालेलं हे पहिलंच खेडं. दारांवरच्या दगडी पट्ट्या जरा थांबून पाहा. क्रूस, येशू आणि मारियाची अक्षरं, कुठे घर बांधल्याचं साल.

[दृश्य : दगडी फरसबंदी, गळ्यात घंटा बांधलेलं डुक्कर सावकाश चालत येतं]

आणि हा इथला सगळ्यांचा लाडका रहिवासी. नाव : मार्रानो दे सान आन्तोन, म्हणजे संत आन्तोनचं डुक्कर.

दरवर्षी 13 जूनला या डुकराला आशीर्वाद देऊन गावात मोकळं सोडतात. त्या दिवसापासून त्याला एक मालक नाही. ज्याच्या दाराशी ते थांबेल त्यानं खायला घालायचं, रात्री जिथे टेकेल तिथे त्याला आसरा द्यायचा. गल्लीत ते आडवं पसरलं, तर गाडीवाल्यानं थांबायचं. उन्हाळा आणि शरद ऋतू असा गावाच्या हातचं खाण्यात जातो, आणि 17 जानेवारीला, प्राण्यांचे रक्षक संत आन्तोन यांच्या सणाला, त्याची सोडत निघते.

पूर्वी हे डुक्कर गावातल्या सर्वांत गरीब घराला देत. डोंगरातल्या कडक हिवाळ्यात एका डुकराचं मांस, चरबी आणि सॉसेजेस म्हणजे त्या कुटुंबाची कित्येक महिन्यांची बेगमी. आता सोडतीचे पैसे धर्मादाय कामाला जातात. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही : गरिबाच्या हाती कुणी दान ठेवत नव्हतं. सगळं गाव सहा-सात महिने थोडं थोडं घालून त्याच्यासाठी एक प्राणी वाढवत होतं. चर्चसमोर या डुकराचा ग्रॅनाइटचा पुतळा आहे, आणि तो तिथेच शोभतो.

[दृश्य : दिवे लागणीची वेळ, काळ्या कपड्यांतली एक स्त्री, हातात छोटी घंटा]

सूर्य मावळला की ही बाई घराबाहेर पडते. हिला म्हणतात मोझा दे आनिमास. मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना मागत फिरणारी. ती ठरलेल्या वाटेनं चालते, कोपऱ्यावर थांबते, घंटा वाजवते आणि मोठ्यानं गावाला आठवण करून देते : शुद्धिलोकात (स्वर्गाआधी आत्मे पापांतून शुद्ध होतात, ती जागा) अडकलेल्या आत्म्यांसाठी एक प्रार्थना म्हणा, आणि पापात सापडलेल्यांसाठीही एक म्हणा. मग पुढचा कोपरा.

हे रोज चालतं. पाऊस असो, बर्फ असो, गल्लीत एकही माणूस नसो. सणाची परंपरा टिकवणं त्या मानानं सोपं, वर्षातून एकदा सगळे जमतात, उत्साह असतो. रोजची परंपरा टिकते ती कुणीतरी रोज पायांत जोडे घालून निघतं म्हणून. पिढ्यान् पिढ्या इथल्या बायकांनी हे काम आपल्याकडे ठेवलं आहे. तुम्ही इथे आलात तर कॅमेऱ्याचा झोत तिच्या तोंडावर मारू नका. ती प्रार्थना करते आहे.

[दृश्य : प्लाझा मायोर म्हणजे गावाचा मुख्य चौक, खांबांचे ओटे, ढोलाचा आवाज]

ऑगस्टमध्ये मात्र गाव उतू जातं. बाहेर शहरांत गेलेली मुलं-नातवंडं परततात. 15 तारखेला चौकात मारियामातेला अर्पणं वाहतात. एकच वादक एका हातानं बासरी आणि दुसऱ्यानं ढोल वाजवतो, आणि त्यावर नाच होतो. याच दिवसांत पेटीतून बाहेर निघतो त्राखे दे विस्तास, हा इथला थाटाचा स्त्रीपोशाख. काळ्या कापडावर चांदीच्या आणि पोवळ्यांच्या माळा, पदकं, ताईत, छातीपासून पार गुडघ्यांपर्यंत. तो नेसवायला घरातल्या जाणत्या बायकाच लागतात.

दुसऱ्या दिवशी, 16 ऑगस्टला, चर्चसमोर लोआ होतं. हे पद्यातलं धार्मिक नाटक, आणि नट सगळे गावातले. सैतान सात डोक्यांच्या सापावर बसून येतो, प्रत्येक डोकं एकेका महापापाचं. फटाके फुटतात, ठिणग्या उडतात, लहान मुलं किंचाळतात. मग देवदूत येतो आणि सैतानाला हरवतो. निकाल सगळ्यांना पाठ आहे, तरी जागा धरायला लोक कितीतरी आधी येऊन बसतात, आणि सैतान पडला की टाळ्यांचा कडकडाट होतो.