कॉडचं डोकं गेलं कुठे?

(स्क्रीनवर: एक लांबट, वाकडं हाड)

हे कॉड माशाचं हाड. क्लाइथ्रम म्हणतात याला. कल्ल्यांच्या अगदी मागे असतं, कोयत्याच्या पात्यासारखं. आता गंमत बघा. उत्तर युरोपातल्या मध्ययुगीन गावांच्या कचऱ्यात काही ठिकाणी हे हाड मिळतं, शेपटीकडचे मणके मिळतात, पण डोक्याची हाडं जवळपास नाहीतच. आणि कॉडच्या डोक्यात हाडं काय थोडी असतात?

म्हणजे मासा तिथे पोचला तोच बिनडोक्याचा. डोकं छाटलं गेलं दूर, जिथे तो धरला तिथेच. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड आजही मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगतात, थंड वाऱ्यात तो कडकडीत वाळतो. जुन्या पद्धतीत क्लाइथ्रम बरेचदा धडालाच राहायचं, म्हणून ते गिऱ्हाइकाच्या उकिरड्यात सापडतं.

आजच्या उत्तर जर्मनीत हैथाबू नावाचं व्हायकिंग काळातलं बंदर होतं. तिथल्या, साधारण ८०० ते १०६६ या काळातल्या कॉडच्या हाडांचा डीएनए तपासला गेला. २०१७ साली निष्कर्ष आले: मासे आर्क्टिककडच्या समुद्रातले!

पण डोकं नाही म्हणजे व्यापार, असं लगेच ठोकून द्यायचं नाही हं. आधी विचारायचं, उत्खनन करताना माती चाळली होती का? हाताने वेचताना गाईचा जबडा नजरेत भरतो, हेरिंग माशाचा इवलासा मणका मातीबरोबर ढिगाऱ्यात जातो. मग कुत्री. त्यांनी चघळलेल्या हाडांवर दातांचे खड्डे दिसतात आणि मऊ टोकं गायब असतात. आम्लधर्मी माती तर हाड विरघळवूनच टाकते. हे सगळे संशयित सुटले, की मगच माणसावर बोट ठेवायचं.

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण मात्र हरणाचं. १०६६ मध्ये नॉर्मन, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतले लोक, इंग्लंडमध्ये आले. त्यानंतरच्या किल्ल्यांच्या कचऱ्यात हरणांच्या मागच्या पायांची हाडं ढिगाने, पुढच्या पायांची कमी. कारण शिकार झाली की रानातच वाटे पडायचे. मांड्या धन्याकडे, खांदा वनरक्षकाकडे. हा रिवाज शिकारीच्या जुन्या ग्रंथांत लिहिलेला आहे. ग्रंथात काय, काहीही लिहितील! पण वनरक्षकांच्या राहत्या जागी खणलं, तर तिथे खरंच खांद्याची हाडं जास्त निघाली.