‘परत वाच!’ : आचार्य अत्रे आणि चाळीतला हशा

नमस्कार श्रोतेहो.

१६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंचं भाषण रेडिओवरून झालं आणि मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार, हे सगळ्या देशाला कळलं. लालबागच्या चाळींत तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हता. नाक्यावरच्या इराण्याकडे एक होता, त्याच्याभोवती माणसं दाटीवाटीनं उभी राहायची. माझे आजोबा गिरणीत साच्यावर कामाला होते. त्या गर्दीत तेही होते. पुढच्या काही दिवसांत मुंबईत हरताळ, लाठ्या आणि गोळीबार. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ माणसं गेली असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. पुढे त्या यादीत आणखी नावं आली.

आजोबा त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की रागाच्या आधी भीतीबद्दल बोलायचे. कोपऱ्यावर पोलीस दिसला की पोटात गोळा यायचा, म्हणायचे. आणि मग एकदम त्यांचा चेहरा खुलायचा. कारण पुढचं नाव यायचं अत्र्यांचं.

आज १३ ऑगस्ट. १८९८ साली याच दिवशी सासवडजवळच्या कोडीत गावी प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म झाला. पुरंदरचा पायथा, कऱ्हेचा काठ. पुढे पाच खंडांचं आत्मचरित्र लिहिलं, त्यालाही नाव त्या नदीचंच दिलं, ‘कऱ्हेचे पाणी’. नाटककार, शिक्षक, संपादक, चित्रपटनिर्माते, वक्ते, आमदार. अत्र्यांची ही यादी सगळ्यांना पाठ आहे. तिच्यात मी फार वेळ घालवणार नाही. मला बोलायचंय ते त्यांच्या कानाबद्दल.

१९२५ साली ‘केशवकुमार’ या नावानं त्यांची ‘झेंडूची फुले’ आली. पुण्यात तेव्हा रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या कवितेचा बोलबाला होता. प्रेम, विरह, सुनीतं, फारसी शब्दांची पखरण. अत्र्यांनी हे सगळं बारकाईनं ऐकलं आणि त्याच थाटात, त्याच वृत्तांत विडंबनं लिहिली. ‘प्रेमाचा गुलकंद’ तर तुम्ही शाळेत ऐकलीच असेल. तो बिचारा रोज तिला गुलाब पाठवतो आणि शेवटी ती त्या साऱ्या फुलांचा गुलकंद करून त्याच्यापुढे ठेवते! यात एका शब्दाचीही शिवी नाही. समोरच्याचा सूर हुबेहूब उचलायचा, थोडा वर चढवायचा आणि त्यातला पोकळ भाग लोकांना आपोआप ऐकू येईल असं करायचं. विडंबन म्हणजे नक्कल असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते ते फार कडक वाचन आहे. ज्याचं विडंबन करायचं त्याला मनापासून वाचलेलं असावं लागतं, आणि अत्रे तर राम गणेश गडकऱ्यांना गुरू मानून कवितेत वाढलेले.

पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेत ते वर्षानुवर्षं मुख्याध्यापक होते. लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले आणि मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. मुलाला कंटाळा आला तर चूक पुस्तकाची, ही त्यांची दृष्टी. सोपं, खणखणीत, कानाला लागणारं मराठी त्यांनी वर्गात घोटलं आणि तेच पुढे मैदानावर आणलं. मधल्या काळात पुणे नगरपालिकेत निवडून गेले आणि ‘रे मार्केट’ला महात्मा फुल्यांचं नाव देण्यात पुढे होते. आज पुणेकर भाजी आणायला ‘मंडई’त जातो तेव्हा एका इंग्रज गव्हर्नरचं नाव त्याच्या तोंडी येत नाही. विडंबनकाराचा कान असा नावांवरही होता. कोणतं नाव कुणाच्या डोक्यावर बसवलेलं आहे, हे त्यांना चटकन ऐकू यायचं.

आता १९५६ च्या नोव्हेंबरकडे येऊ. १ तारखेला गुजरात, महाराष्ट्र, मुंबई असं एकत्र द्विभाषिक राज्य झालं आणि १५ तारखेला अत्र्यांनी दैनिक ‘मराठा’ सुरू केला. एस. एम. जोशी, डांगे, सेनापती बापट, प्रबोधनकार, नाना पाटील अशी माणसं त्या लढ्यात होती. अमर शेख आणि अण्णा भाऊंचा डफ होता. या सगळ्यांत अत्र्यांचं काम काय? माझ्या आजोबांच्या खोलीसमोरच्या गॅलरीत ते काम रोज दिसायचं.

दुसरी पाळी सुटल्यावर माणसं हातपाय धुऊन दिव्याखाली बसायची. अंक एकच, तोही वर्गणी काढून घेतलेला. बहुतेकांना अक्षरओळख जेमतेम. रात्रशाळेत जाणारा एक पोरगा वाचायचा. आधी मथळा. अत्र्यांचे मथळे ढोलासारखे, तो पोरगाही ते तसेच वाजवायचा. मग अग्रलेख. एखाद्या मंत्र्याचं भाषण त्यात उचललेलं असायचं, त्याच्याच ऐटीत, आणि दोन ओळींत त्या ऐटीची हवा निघून जायची. कुणीतरी मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, ‘परत वाच!’ पोरगा परत वाचायचा. पुन्हा हशा. एकेक वाक्य तीनतीनदा. मुंबई काँग्रेसचे पुढारी स. का. पाटील यांचं नाव अग्रलेखात ‘सदोबा’ झालं की चाळीत ते ‘सदोबा’च राहायचे. चंद्रसूर्य असेपर्यंत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं गाजलं होतं. ते ऐकून आधी अंगावर काटा यायचा. ‘सदोबा’ म्हणायला लागल्यावर तो येईना. आजोबा एवढंच सांगायचे, पण मला त्यात अत्र्यांचं सगळं राजकारण दिसतं. ज्याला आपण हसलो, त्याच्यासमोर मान खाली घालून उभं राहणं जड जातं.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला आणि अत्रे दादरमधून विधानसभेत गेले. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. हा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मला टाळायची नाही. अत्र्यांची लेखणी पुष्कळदा सुटायची. गोळीबाराच्या वेळी मुख्यमंत्री असलेल्या मोरारजी देसायांना त्यांनी ‘नरराक्षस’ म्हटलं. गोळीबारात गेलेल्यांच्या घरच्यांना तो शब्द जास्त वाटला नसेल, हे मी समजू शकतो. पण ना. सी. फडक्यांशी झालेला वाद, इतर लेखकांशी झालेली भांडणं वाचताना मन खट्टू होतं. तिथे कान बंद होतो आणि नुसता आवाज उरतो. जिथे अत्रे समोरच्याला ऐकतात तिथे ते थोर, आणि जिथे फक्त हाणतात तिथे ते साधे भांडखोर, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्यांच्यावर प्रेम असणाऱ्यानंच हे म्हणायला हवं.

आणि त्यांना ऐकू किती लांबचं यायचं! ज्या नेहरूंविरुद्ध ३० नोव्हेंबर १९५७ ला समितीनं प्रतापगडावर निदर्शनं केली, ते १९६४ साली गेले तेव्हा याच माणसानं ‘सूर्यास्त’ ही लेखमाला लिहिली. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर त्यांनी केलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पाठोपाठ ‘महात्मा फुले’ काढला. महाराष्ट्राला पोट धरून हसवणारा हाच माणूस त्याला रडवूही शकत होता.

आजोबांनी त्यांना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं. ७ डिसेंबर १९५६. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेब गेले होते. ‘मराठा’ तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचा. आजोबा पहिली पाळी बुडवून लालबागहून चालत निघाले आणि माणसांच्या लोंढ्यातून दादर चौपाटीच्या कडेपर्यंत कसेबसे पोचले. चिता दिसत नव्हती. फक्त कर्ण्यातून आवाज येत होता, आणि समुद्राच्या वाऱ्यात निम्मे शब्द उडून जात होते. आवाज अत्र्यांचा. ज्याच्या वाक्यांना चाळ तीनतीनदा हसली होती तोच, पण जड झालेला. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसानं आजोबांच्या खांद्याला धरलं होतं आणि तो विचारत होता, ‘काय म्हणाले? काय म्हणाले?’ आजोबांनाही नीट ऐकू आलेलं नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस ‘मराठा’त बाबासाहेबांवर अत्र्यांचे लेख येत राहिले. त्यातला एक अंक आजोबांच्या ट्रंकेत, प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांखाली, ते असेपर्यंत होता. घडीवर फाटलेला, कडा तपकिरी. मला वाचता यायला लागल्यावर त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. मी अडखळत पहिला परिच्छेद संपवला. ते डोळे मिटून बसले होते. म्हणाले, ‘परत वाच.’