टॅक्स रिटर्न कोणाच्या हातात द्यायचं?

नमस्कार मंडळी. जानेवारी संपता संपता डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद, हातात पडला की इथे अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, टॅक्स कोणाकडून करून घेता? आणि उत्तरंही ठरलेली, अमुक माणसाने मला एवढा रिफंड काढून दिला, तमुक स्वस्तात करतो. मला अगदी मनापासून सांगायचंय की रिफंड किती निघाला यावरून माणूस पारखू नका. तो तुम्हाला काय काय विचारतो त्यावरून पारखा.

कारण रिटर्न कोणीही तयार करू दे, सही तुमची असते आणि आतल्या प्रत्येक आकड्याला जबाबदारही तुम्हीच. उद्या आयआरएसची, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याची, नोटीस आली तर राहिलेला टॅक्स, त्यावरचं व्याज, दंड, सगळं तुमच्याच डोक्यावर, आणि तोपर्यंत तो माणूस तुमचा फोन उचलेलच असं काही नाही.

आता साधी गोष्ट आधी. पैसे घेऊन रिटर्न तयार करणाऱ्या प्रत्येकाकडे पीटीआयएन नावाचा नंबर असायलाच लागतो. पण तेवढ्यावर भुलू नका, तो नंबर म्हणजे परीक्षा पास झाल्याचा दाखला नाही, ऑनलाइन फॉर्म आणि फी भरली की मिळतो. आयआरएसने सगळ्यांना परीक्षा सक्तीची करायचं ठरवलं होतं, पण २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की तुम्हाला तो अधिकारच नाही. ऑरेगन, कॅलिफोर्निया अशा मोजक्या राज्यांनी स्वतःचे नियम केलेत, बाकी बऱ्याच ठिकाणी कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून बघायचं की समोरचा सीपीए (म्हणजे इथला परवानाधारक अकाउंटंट) आहे का, टॅक्सचा वकील आहे का किंवा एनरोल्ड एजंट आहे का. एनरोल्ड एजंट म्हणजे बहुतेक वेळा आयआरएसची तीन भागांची परीक्षा पास झालेला माणूस. ऑडिट लागलं तर हे तिघं तुमच्या वतीने आयआरएसशी बोलू शकतात, नुसता पीटीआयएनवाला तसा उभा राहू शकत नाही. आयआरएसच्या साइटवर यांची डिरेक्टरी आहे, नाव आणि झिपकोड टाकून शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

रिटर्नची कॉपी हातात आली की फॉर्म १०४०, म्हणजे रिटर्नचा मुख्य फॉर्म, त्याचं दुसरं पान उघडा आणि अगदी तळाशी जा. तुमच्या सहीच्या खाली एक पट्टी असते, पैसे घेणाऱ्या प्रिपेअररसाठी. तिथे त्याचं नाव, सही, पीटीआयएन, फर्मचं नाव, पत्ता. पैसे मोजूनही ती पट्टी कोरी असेल तर समजा की त्याने ते रिटर्न तुम्हीच घरी बसून भरलंय असं दाखवलंय. अशा लोकांना इथे घोस्ट प्रिपेअरर म्हणतात. तिथेच वर रिफंडच्या ओळींमध्ये राउटिंग नंबर आणि अकाउंट नंबर असतो, तो आकडा न् आकडा आपल्या बँकेशी ताडून बघा, कारण रिफंड स्वतःच्या खात्यात वळवणारे महाभाग खरंच असतात. आणि कोऱ्या फॉर्मवर सही कधीच नाही. ई-फाइलच्या परवानगीचा फॉर्म ८८७९ असतो, त्यावर सही करायची ती अख्खं रिटर्न वाचून झाल्यावरच.

पण माझा खरा जीव अडकलाय तो प्रश्नांमध्ये. तुम्ही एच-१बी वर किंवा ग्रीन कार्डवर आहात, टॅक्सच्या हिशोबाने रेसिडेंट आहात, तर जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. एनआरई खात्याचं (परदेशातल्या भारतीयांसाठीचं भारतातलं बँक खातं) व्याज भारतात करमुक्त असतं म्हणून लोक गप्प बसतात, पण इथे त्यावर टॅक्स आहे. रिटर्नला जोडायच्या शेड्यूल बी या व्याज-लाभांशाच्या फॉर्मच्या शेवटच्या भागात सरळ प्रश्न आहे, परदेशात खातं आहे का, हो की नाही. तुमच्या प्रिपेअररने तुम्हाला न विचारता तिथे "नाही" टिक केलं असेल तर तिथेच थांबा, दुसरा माणूस शोधा. परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, वेगळा भरावा लागतो, तो रिटर्नबरोबर जात नाही, ही आठवण पण त्यानेच करून द्यायला हवी. भारतातल्या म्युच्युअल फंडांचं तर प्रकरणच निराळं, त्यांना बहुतेक वेळा फॉर्म ८६२१ लागतो, आणि हे नाव ज्याने कधी ऐकलंच नाही त्याच्याकडे फंड असलेल्याने जाऊ नये.

एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावरच्या मुलांनो, तुमच्यासाठी एक हुकमी प्रश्न देते. पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही साधारणपणे नॉनरेसिडेंट, म्हणजे फॉर्म १०४०-एनआर. आता नॉनरेसिडेंटला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) मिळत नाही, पण भारत-अमेरिका टॅक्स करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना मिळतं. हे विचारून बघा. ज्याला माहितीये तो लगेच सांगेल, आणि जो म्हणेल की साधा १०४० भरू, शिक्षणाचं क्रेडिट पण काढून देतो, त्याला नमस्कार करा. तो जास्तीचा रिफंड पुढे महागात पडतो, उगाच इमिग्रेशनच्या कागदांना डाग.

फीबद्दल फार बोलत नाही. रिफंडच्या टक्केवारीवर पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा असं आयआरएस स्वतः सांगतं. आणि तुमचे कागद अमेरिकेबाहेरच्या ऑफिसात पाठवून काम होणार असेल तर त्यासाठी तुमची लेखी संमती लागते, हे आधी विचारा, कारण त्यात तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर असतो.

घाई करणाऱ्याला पण बळी पडू नका हं. १५ एप्रिल गाठता येत नसेल तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, फक्त देणं असलेला टॅक्स मात्र एप्रिलमध्येच अंदाजाने भरून टाकायचा. उत्पन्न कमी असेल तर व्हिटा या आयआरएसच्या मोफत मदतीच्या योजनेच्या सेंटरवर ट्रेन झालेले स्वयंसेवक फुकट रिटर्न करून देतात, पण तुमची केस ते घेतात का ते आधी विचारून जा.

आणि समजा आधीच शंका येतेय, तर आयआरएसच्या साइटवर स्वतःचं अकाउंट उघडा, ट्रान्सक्रिप्ट (आयआरएसकडे नोंदलेल्या रिटर्नचा उतारा) काढा आणि आपल्याकडच्या कॉपीशी ओळीने जुळवा. आकडे वेगळे निघाले, तुम्हाला न सांगता बदलले असतील, तर तक्रारीचा फॉर्म १४१५७ आणि त्याच्या जोडीला १४१५७-ए, दोन्ही भरून पाठवा, आणि त्या माणसाशी झालेले सगळे मेसेज, पैसे दिल्याच्या पावत्या जपून ठेवा, डिलीट करू नका.