मांडीत अडकलेला स्क्रू

(दृश्य: मांडीचा क्ष-किरण फोटो. हाडाच्या बाहेरच्या अंगाला लांब प्लेट, तिच्यात ओळीने स्क्रू.)

"हाड जुळलंय ना? मग प्लेट काढून टाका." हाडांच्या डॉक्टरांना हे नेहमी ऐकावं लागतं. ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण स्क्रू फिरवून बसवले असतील तर उलटे फिरवून निघायलाच हवेत. पुष्कळदा निघतातही. पण मांडीच्या हाडात एखादा स्क्रू अडून बसला, तर सगळी प्लेट बसवायला लागला नसेल इतका वेळ तो एकटा खातो.

मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब आणि दणकट. भोवती स्नायूंचा जाड थर. मनगटातली प्लेट कातडीखाली लगेच हाती लागते. इथे धातू दिसेपर्यंतच जखम खोल गेलेली असते. त्यात पहिल्या ऑपरेशनच्या व्रणामुळे स्नायूंचे पदर एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्यातून हाडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सांभाळत पुढे सरकायचं.

धातू अडकतो कसा? टायटॅनियमला हाड घट्ट धरतं. शरीरात बसवायचा धातू म्हणून हाच त्याचा मोठा गुण, आणि काढायच्या दिवशी तोच आडवा येतो. मुलांचं हाड जाडीत वाढतं ते बाहेरून, त्यामुळे वर बसवलेली प्लेट काही काळाने हाडाच्या आत गेलेली सापडते. लॉकिंग प्लेटची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत बसतात. स्क्रू जरा तिरपा गेला, किंवा मशीनने शेवटपर्यंत आवळला, की आटे एकमेकांत रुततात. म्हणून शेवटचा पीळ हाताने द्यायचा असतो, तोही मर्यादा ठरवून दिलेल्या स्क्रू ड्रायव्हरने. प्रचलित संचांमध्ये ५ मिलिमीटरच्या स्क्रूला ४ न्यूटन-मीटर (पिळाचा जोर मोजायचं एकक), ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला १.५. तेवढा जोर झाला की ड्रायव्हर 'टक्' करून सुटतो. काढतानाचा त्रास कित्येकदा बसवतानाच्या त्या दोन सेकंदांत ठरलेला असतो.

(दृश्य: जवळून. स्क्रूचं डोकं, मधली षटकोनी खाच.)

ही खाच पाहा. तिच्यात हाडाचे कण आणि तंतू भरलेत. ते टोकदार सळीने कोरून काढल्याशिवाय ड्रायव्हर लावायचाच नाही. खाच पूर्ण मोकळी झाली की ड्रायव्हर आत ठेवून वरून हातोडीने हलका ठोका द्यायचा, म्हणजे तो तळाला टेकतो. अर्धवट बसलेला ड्रायव्हर फिरवला की कोपरे झिजतात, खाच गोल होते, आणि मग त्या स्क्रूला पकडायला काही उरत नाही. आधी स्क्रू किंचित आवळायचा, पकड सुटली की उलटा फिरवायचा. सगळे स्क्रू आधी फक्त सैल करायचे, मग एकेक बाहेर. एकेक करून पूर्ण काढत गेलं आणि शेवटचाच अडकला, तर त्याच्याभोवती अख्खी प्लेट फिरते आणि शेजारचे स्नायू फाडते.

खाच गेलीच, तर उलट्या आट्यांचा निमुळता एक्सट्रॅक्टर आत रुतवतात. तो जितका डावीकडे फिरेल तितका घट्ट धरतो आणि स्क्रूला सोबत घेऊन येतो. तोही हरला, तर कार्बाइडच्या, म्हणजे धातूही कापेल इतक्या कठीण ड्रिलने स्क्रूचं डोकंच पोखरून काढायचं, नाहीतर प्लेट कापायची. हे मन लावून करायचं काम आहे. धातूवर धातू घासला की उष्णता होते, म्हणून पाण्याची धार सतत चालू. बारीक कीस मांसात पसरू नये म्हणून चहूबाजूंनी ओले गॉज. प्लेट निघाल्यावर हाडात उरलेला स्क्रूचा दांडा पोकळ करवतीने भोवतालच्या हाडासकट काढतात. भोक अर्थातच मोठं होतं.

(दृश्य: दुसरा फोटो. हाडाच्या पोकळीत रॉड, खालच्या भागात तुटलेला.)

हाडाच्या पोकळीत रॉड घालण्याची पद्धत जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युंट्शर यांनी १९३९मध्ये मांडीच्या हाडावर वापरली. आजचा रॉड काढताना त्याचं वरचं टोक आधी शोधावं लागतं, कारण खुब्याजवळ त्यावर हाड चढलेलं असतं. मग सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना क्ष-किरण चित्र दाखवणाऱ्या यंत्राखाली, तार घालून वाट करायची आणि टोकातल्या आट्यांत काढणीचा दांडा बसवायचा. तो बसेपर्यंत रॉडला हाडाशी धरून ठेवणाऱ्या आडव्या स्क्रूंपैकी एक मुद्दाम ठेवतात, नाहीतर रॉड आतल्या आत गोल फिरतो. रॉड तुटला असेल तर खालचा तुकडा वरून पोकळीतून लांब आकडा घालून ओढतात. तेही जमलं नाही, तर हाडालाच लांबट खिडकी पाडावी लागते.

प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे, खाचा वेगळ्या. म्हणून कोणत्या कंपनीचा कोणता रॉड आहे हे लिहिलेला जुना कागद त्या दिवशी महागड्या यंत्रापेक्षा मोलाचा ठरतो, आणि नेमका तोच हरवलेला असतो. तो रुग्णाच्या हातात देऊन, जपून ठेवायला बजावून सांगायलाच हवं.

काही त्रास नसेल तर मोठ्या माणसाच्या मांडीतला धातू आहे तिथेच ठेवणं हा पूर्ण योग्य निर्णय आहे. ऑपरेशन चालू असतानाही, निरुपद्रवी तुकड्यासाठी चांगलं हाड पोखरण्यापेक्षा तो सोडून देणं आणि तसं रुग्णाला सांगणं बरं. जंतुसंसर्ग असेल तर मात्र ही सूट नाही. धातूवर जंतूंचा चिकट थर धरतो, औषध तिथे पुरेसं काम करत नाही, आणि हाड जुळलेलं असेल तर तुकडान् तुकडा बाहेर काढावा लागतो.

धातू निघाला की उरतात ती भोकं. ती भरून येईपर्यंत हाड तिथेच पुन्हा मोडू शकतं. म्हणून किती भोकं, केवढी, वाटेत हाड किती कापलं, यावर डॉक्टर कुबड्यांचे दिवस ठरवतात. धावणं, उड्या, खेळ पुढचे काही महिने बंद, दुखणं थांबलं असलं तरीही.