पुस्तकातला निवेदक मालिकेत कुठे जातो?

पुस्तकावरून मालिका आली की पहिली तक्रार ठरलेली, 'पुस्तकात असं नव्हतं'. हा प्रसंग गाळला, ते पात्र आधीच आणलं. मला विचाराल तर प्रसंग गाळणं एवढं मोठं नाहीच, खरी अडचण वेगळी आहे. पुस्तकात जो आपल्याशी बोलत असतो ना, तो निवेदक, त्याचं मालिकेत करायचं काय?

चिं. वि. जोशींचा चिमणराव घ्या. पुस्तकात तो आपली फजिती स्वतःच सांगतो, अगदी गंभीरपणे, आणि हसू येतं ते त्या सांगण्याचं. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर त्याची मालिका आली, पण कॅमेऱ्याला 'मी' म्हणता येत नाही, तो बाहेरूनच बघणार. मग तो सगळा 'मी' आला दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर, म्हणजे ज्याला लिहायला अख्खा परिच्छेद लागला असता ते एका बावरलेल्या नजरेत भागलं, शेजारी बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ ठाम उभा असला की झालंच.

दुसरी तऱ्हा बघा. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं पहिलं वाक्य खूप गाजलेलं आहे, श्रीमंत एकट्या पुरुषाला बायको हवीच असणार, हे म्हणे जगाला मान्य असलेलं सत्य! पुस्तकात हे लेखिका म्हणते, कुठलंही पात्र नाही. १९९५ च्या बीबीसीच्या सहा भागांच्या मालिकेत पटकथाकार अँड्र्यू डेव्हिसनी ते एलिझाबेथच्या तोंडी घातलं, घरच्यांसोबत चालता चालता ती सहज बोलून जाते. लेखिकेचा खट्याळपणा तिच्या नायिकेला मिळाला आणि ही मुलगी कशी आहे ते पहिल्या काही मिनिटांतच कळलं. मला हे फारच आवडतं.

आणि 'महाभारत'! मुळात तिथे सांगणारेच एकात एक, वैशंपायन जनमेजयाला सांगतात आणि तेच पुढे सौती ऋषींना ऐकवतो. १९८८ साली बी. आर. चोप्रांची मालिका आली तेव्हा लेखक राही मासूम रझांनी थेट काळालाच बोलतं केलं, 'मैं समय हूँ'. चेहरा नाही, फक्त हरीश भिमाणींचा आवाज. जो कुणाच्या बाजूचा नाही आणि ज्यानं सगळं पाहिलंय असा दुसरा कोण मिळणार होता?

पण माझ्या मनात घर करून राहिलीय ती 'तमस', तीही १९८८ चीच. भीष्म साहनींची फाळणीवरची कादंबरी, दिग्दर्शक गोविंद निहलानी. सुरुवातीला एका कोंदट खोलीत नथ्थू डुक्कर मारायला धडपडतोय, ते मरत नाहीये, हा घामाघूम झालाय, आणि हे काम आपल्याकडून कशासाठी करून घेतलं जातंय याचा त्याला पत्ताच नाही. ओम पुरींचा धापा टाकणारा नथ्थू बघताना निवेदक आठवतसुद्धा नाही.

पुढे एका गावात म्हातारे हरनामसिंग आणि त्यांची बायको बंतो जिवाच्या भीतीनं घरदार सोडून निघतात. बंतो झाल्यात दीना पाठक. आणि हरनामसिंगांच्या भूमिकेत आहेत स्वतः भीष्म साहनी, ज्यांनी ही सगळी गोष्ट आपल्याला सांगितली तेच आता बायकोसोबत आसरा शोधत दारोदार फिरताना दिसतात.